अभेद्य गड एका रात्रीत बेचिराख: नायिकेनं तपास कुठून सुरू करावा?

रानजाई

अद्‌भुत कादंबरीतल्या एका प्रकरणासाठी मदत हवी आहे. जग काल्पनिक, पण भूगोल सरळसरळ सह्याद्रीचा: कातळकडे, कारवीचं रान, खाली कोकण. सावलगड नावाचा डोंगरी किल्ला. जाळपोळीतून जीव वाचवून पळालेली गावं तिथे आसऱ्याला येतात. गडाभोवती देवीचं रिंगण आहे. दर अमावस्येला ते भंडाऱ्यानं आखायचं, आणि आतल्या कुणी 'ये' म्हटल्याशिवाय शत्रूला ते ओलांडता येत नाही. बारूद या जगात आहे.

वैशाखाच्या अखेरीस एका रात्रीत गड जळतो. वर ९०० माणसं होती. त्यातली ३०० मेली, बाकीची बेपत्ता. नायिका येसू पायथ्याच्या मेटकऱ्याची मुलगी, वय १९, मंत्रतंत्र काही येत नाही. ती तिसऱ्या दिवशी वर पोचते. सध्याच्या खर्ड्यात एक मरणासन्न म्हातारा तिला सगळी हकिगत सांगतो आणि प्राण सोडतो. हे वाचकाला पटणार नाही, मलाही पटत नाही.

तर जळक्या गडावर तिनं आधी काय बघावं? साध्या डोळ्यांना दिसतील असे कोणते पुरावे उरतात? आणि आग साधी की मंत्राची, हे तिला कसं ओळखता येईल?

कातळकडा

म्हाताऱ्याला आधीच मरू द्या. दरवाजाच बोलेल.

डोंगरी किल्ल्याचा दरवाजा आतून अडसरानं बंद होतो. अडसर म्हणजे जाडजूड लाकडी तुळई. एका बाजूच्या भिंतीत तिच्या पूर्ण लांबीचं खोल भोक असतं, समोरच्या भिंतीत वीतभर खोलीची खोबण. दार लावताना तुळई खोल भोकातून ओढून समोरच्या खोबणीत घुसवायची, उघडताना परत आत ढकलायची. आता दार जळालं असं धरा. आगीच्या वेळी अडसर घातलेला असेल, तर मधला भाग राख होईल, पण समोरच्या खोबणीत लाकडाचं टोक अडकून राहील, कारण तिथे हवा पोचत नाही. अडसर मागे सारलेला असेल, तर ती खोबण रिकामी आणि खोल भोकात जवळजवळ अख्खी तुळई शाबूत. येसूनं फक्त दोन्ही भोकांत हात घालायचा. वाक्यभर वर्णनात कळतं की दार फोडलं नाही, कुणीतरी उघडलं.

दुसरं, दाराचे सुळे. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर मारलेले ते अणकुचीदार लोखंडी खिळे जळत नाहीत. दार बंद असताना जळालं तर सुळे आणि पट्ट्या उंबरठ्याच्या रेषेत आडव्या पडतात. उघडं असताना जळालं तर दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत, देवड्यांच्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या कोनाड्यांच्या तोंडाशी ढीग होतो. दोन्ही खुणा जुळल्या की शंका उरत नाही. जुळल्या नाहीत तर आणखी मजा: अडसर मागे, पण सुळे उंबरठ्यावर. म्हणजे दार उघडून शत्रूला आत घेतलं, पुन्हा लोटून घेतलं आणि मग आग लावली. आतल्यांना बाहेर पडू द्यायचं नव्हतं.

एक गोष्ट तुमच्या आराखड्यात सुटली आहे. ती मेटकऱ्याची मुलगी ना? मेट म्हणजे गडाच्या वाटेवरची पहिली चौकी. मग त्या रात्री मेटावर काय झालं? मेट शाबूत असेल तर शत्रू नेहमीच्या वाटेनं चढलाच नाही. हा पहिला पुरावा तिच्या स्वतःच्या घरात आहे, गडावर जाण्याआधीच. आणि त्याचबरोबर पहिला संशयही तिच्याच बापावर जातो. हे सोडू नका.

जवखार

आगीबद्दल.

आधी दिवस बदला. तिसरा दिवस फार उशीर. वैशाखातल्या उकाड्यात प्रेत ताठायला २-३ तासांत सुरुवात होते, १२ तासांच्या आत ते पूर्ण ताठतं आणि दीड दिवसात पुन्हा सैल पडतं. तिला दुसऱ्याच दिवशी सकाळी वर आणा. एका माचीवरची प्रेतं पूर्ण ताठलेली आणि बालेकिल्ल्यातली नुकती जबड्या-मानेशी ताठू लागलेली, एवढ्यावरून तिला कळेल की आधी माची पडली आणि वरचे लोक पहाटेपर्यंत जिवंत होते. मात्र ज्यांना आगीची झळ लागली नाही अशाच प्रेतांवर हे बघायचं. उष्णतेनं स्नायू आखडतात आणि सगळा हिशेब चुकतो.

त्याच कारणानं एक चूक बहुतेक जण करतात. जळालेल्या माणसाचे हात कोपरात वाकलेले, मुठी वळलेल्या, मल्लानं पवित्रा घेतल्यासारख्या. याचा अर्थ 'तो शेवटपर्यंत लढला' असा नसतो. मेलेलं माणूस जळलं तरी हेच होतं. येसूच्या सोबत्यानं असा गैरसमज करून घ्यावा आणि तिनं तो खोडावा. खरी खूण घशात असते. आग लागली तेव्हा जिवंत असलेल्यानं धूर आत ओढलेला असतो, म्हणून काजळी घशात खोलवर सापडते. नुसती ओठांवर किंवा जिभेवरची काजळी पुरत नाही, उघड्या तोंडात ती नंतरही पडते. ओळीनं निजलेल्या २० जणांच्या घशात काजळीच नसेल, तर ते आगीआधीच मेले होते.

आता साधी आग की मंत्राची. धातू बघा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चांदी ९६२ ला, तांबं १०८५ ला. गवती छपराचं घर पेटलं तर शिशाच्या गोळ्यांचा लगदा होणारच. चांदीचे वाळे वितळायचे तर धग मोठी आणि बराच वेळ टिकलेली हवी. तांब्याचा हंडा पार ओघळलाय आणि शेजारचा लाकडी पाट नुसता करपलाय, असं दिसलं की ती आग चुलीतली नव्हे. कल्हई वितळली यावरून मात्र काही ठरवू नका. ती २३२ अंशांना सुटते, रिकामं पातेलं चुलीवर विसरलं तरी सुटते.

घरं कुडाची असतील, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लिंपा, तर काठ्या जळून जातात आणि लिंपा भाजून खापरीसारखा कडक, लाल होतो. त्यात काठ्यांचे ठसे राहतात. ज्या बाजूचा लिंपा जास्त लाल, त्या बाजूला धग जास्त. बाहेरचा लिंपा लाल आणि आतला नुसता काळा असेल, तर आग बाहेरून लावली. स्वयंपाकाच्या चुलीतून ती लागली नाही.

वाऱ्याचा हिशेबही ठेवा. आग वाऱ्याबरोबर धावते, वाऱ्याविरुद्ध रांगते. पश्चिमेचा वारा असताना पश्चिम टोक आणि पूर्व टोक एकाच वेळी पेटली असतील तर ठिणगी एक नव्हती. पायथ्याच्या मेटावरून कुणीतरी ज्वाळा बघितलेल्या असणारच. 'आधी कुठे उजेड दिसला?' हा प्रश्न तिनं वर चढण्याआधी खाली विचारायला हवा.

टेहळ्या

कड्यावरून चढले असं दाखवणार असाल तर कृपा करून घोरपड आणू नका. दोर लागलेल्या जागी कड्याच्या ओठावरचं दगडफूल खरवडलं जातं, कारवीच्या सुक्या काड्या मोडतात, मातीत दोराची खाच पडते. आणि माणसं फार लागत नाहीत. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं पन्हाळा घेतला तो ६० माणसांनिशी, रात्री कडा चढून. वर पोचल्यावर त्यांनी शिंगं फुंकली, आत गोंधळ उडाला, किती शत्रू शिरलाय हेच कुणाला कळेना. ९०० माणसांचा गड ६० जणांनी उधळला, हे म्हणून पटतं. आकडा मोठा करायची गरज नाही.

जवखार

बारूद राहिलीच. कोठार उडालं असं दाखवणार असाल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. बारूद म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. उघड्यावर पेटली तर ती भसकन जळते, धमाका होत नाही. बंदिस्त जागेत मात्र भिंती फोडते. जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन रूपात उरतं: पांढरा दाट धूर, मागे राखाडी-काळी खपली. त्या खपलीवर पाणी शिंपडलं की सडक्या अंड्याचा वास येतो. येसूला प्रयोगशाळा नको, तांब्याभर पाणी पुरे. घरांच्या दारांत ही खपली सापडली तर बारूद तिथवर नेऊन पसरली होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याचे नियम आहेत आणि ते तुमच्यासाठी सोन्यासारखे आहेत. दारूखाना घराजवळ नको, भोवती दाट कुंपण, तळघरात ठेवण, राखणीला रात्रंदिवस माणसं. शिवाय दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः हजर राहून दारू बाहेर काढायची, ऊन द्यायचं आणि पुन्हा मोहोर करून ठेवायची. म्हणजे पंधरवड्यातून एक दिवस असा येतो की गडाची सगळी बारूद उन्हात पसरलेली असते. ती तारीख ठाऊक असणारा माणूस कोण?

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्रही वाचाच. पावसाळ्याच्या बेगमीच्या गवताच्या गंजी रचल्या आहेत, कुणी आगट्या करील, दिव्याची वात उंदीर पळवील आणि एवढ्यावरून सगळं जळून जाईल, अशी काळजी त्यात आहे. वैशाखातला गड म्हणजे सुक्या गवताचा ढीगच. शत्रूला बारीकशी ठिणगी पुरते, हेही सांगून टाकतो. मंत्र लागतोच असं नाही.

रानजाई

अडसराची आणि घशातल्या काजळीची खूण नक्की घेते. आणखी एक विचारते: ओळीनं निजलेले २० जण आगीआधीच मेलेले दाखवायचे तर टाक्यातल्या पाण्यात विष कालवलं असं चालेल का? धोतरा डोळ्यांपुढे आहे.

वैदूची झोळी

टाक्यात नाही चालणार. ६ मीटर लांब, ६ रुंद, ३ खोल असं मध्यम टाकं भरलं तर १,०८,००० लिटर पाणी. त्यात विष इतकं पातळ होतं की पोतीच्या पोती ओतावी लागतील, आणि राखणदार झोपले असले तरी तेवढी पोती गडावर चढवताना खाली मेटावर दिसतीलच. विष द्यायचं तर स्वयंपाकघरातल्या रांजणात किंवा जेवणात. आणि मग तेच २० जण का मेले, हे आपोआप सुटतं: ते एका पंगतीला बसले होते.

धोतऱ्यानं माणूस शांतपणे निजत नाही, हेही बघा. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळायला लागतो, हवेत काहीबाही पकडायला जातो, झिंगल्यासारखा चालतो. सगळेच मरतात असंही नाही. म्हणून गस्तीचे शिपाई निकामी करायला धोतरा योग्य, ओळीत २० प्रेतं पाडायला नाही. उलट एक वाचलेला शिपाई दोन दिवस भ्रमात बोलत राहील, आणि तुमच्या मरणासन्न म्हाताऱ्यापेक्षा तो फार कामाचा. त्याचं बोलणं खरं किती आणि धोतऱ्याचं किती, हे येसूला निवडावं लागेल. मेलेल्यांच्या बाहुल्या बघून मात्र निदान करू नका, मरणानंतर त्या तशाही सैलावतात.

पुरावा पातेल्याच्या तळाशी. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी पटकन सारखं दिसतं, भल्याभल्यांची फसगत होते. धोतऱ्याचं बी थोडं मोठं, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला दुहेरी कंगोरा. चव कडू. मिरचीचं पिवळट, पातळ, तिखट. पण तुमच्या जगात मिरची आहे का? आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. मिरे-पिंपळीचा काळ असेल तर जेवणात असलं चपटं बी असायचं कारणच नाही, आणि येसूला ते लगेच खटकेल.

कातळकडा

टाक्यांचा विषय निघालाच आहे तर खरा कच्चा दुवा तिथेच आहे. विष नाही, तहान.

वरचंच टाकं घ्या. वैशाखात ते तिसऱ्या हिश्श्यावर आलेलं, म्हणजे ३६,००० लिटर. शिबंदीची ३०० माणसं, माणशी ८ लिटर, दिवसाला २,४०० लिटर. पंधरा दिवस निघतात, तेवढ्यात वळवाची सर येईल या भरवशावर गड निर्धास्त. मग आसऱ्याला आणखी ६०० माणसं आली. दिवसाला ७,२०० लिटर. पाच दिवस. आज्ञापत्रात एका झऱ्यावर विसंबू नका असं बजावलंय ते उगाच नाही. झुंजीत तोफांच्या आवाजानं झरे आटतात, असंही त्यात म्हटलंय.

आता पाणी कुठून आणायचं? बऱ्याच गडांवर तटाबाहेर, कड्याच्या पोटात एखादं टाकं खोदलेलं असतं. तिकडे जायला चोरदिंडी, म्हणजे तटातला लपवलेला छोटा दरवाजा. आज्ञापत्र सांगतं की गडाला दरवाजा एकच नसावा, दिंड्याही ठेवाव्यात, पण राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. सावलगडावरची ही चिणलेली दिंडी कुणीतरी पाण्यासाठी फोडली. गद्दारीनं नाही, तान्ह्या पोरांसाठी. रोज रात्री बायका त्या वाटेनं घागरी आणत होत्या, आणि अंधारात येणाऱ्या प्रत्येक सावलीला आतली बाई म्हणत होती, 'ये'. तुमच्या रिंगणाची अट पुरी झाली.

तपासाची खूण अशी. हल्ल्यानंतर कुणीतरी ती दिंडी पुन्हा घाईनं चिणली आहे, कारण आपण ती उघडली हे कळू नये. चिणाई चुन्याची. येसूनं हळदीचं पाणी लावावं. ताजा चुना हळदीला लाल करतो, कुंकू असंच तर बनतं. जुना, हवा पिऊन दगड झालेला चुना पिवळाच राहतो. भंडारा तर देवीच्या देवळात आहेच. रिंगण आखायची हळद आणि गुन्हा उघडा पाडणारी हळद एकच.

कात्री

एवढी सामग्री एका प्रकरणात कोंबलीत तर ते पंचनाम्याचं बाड होईल. तीन खुणा घ्या: मेट शाबूत, अडसर मागे, दिंडीचा ओला चुना. प्रत्येक खूण आधीचा निष्कर्ष मोडणारी हवी. मेटावरून वाटतं की मंत्रानं उडत आले. अडसरावरून वाटतं की हवालदार फितूर. दिंडीवरून कळतं की दाराशी गद्दारी झालीच नव्हती, आत शिरलेल्यांनीच नंतर दार आतून उघडलं. काजळी, सुळे, वितळलेलं तांबं हे सगळं ओळी-दोन ओळींत येता-जाता येऊ द्या.

फितुरीच्या बाबतीत एक सांगते. शिवकालीन व्यवस्थेत गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्या एकाकडे, हजेरी आणि हिशेब दुसऱ्याकडे, कोठी तिसऱ्याकडे. एकट्यानं गड विकणं अवघड व्हावं म्हणूनच ही रचना. त्यामुळे 'एक खलनायक, एक थैली मोहरा' एवढ्यावर भागणार नाही. पण कारखानिसाला पाणी संपत आलेलं ठाऊक होतं, सबनिसाच्या हजेरीत आसऱ्याची ६०० माणसं मांडलेली नव्हती आणि हवालदारानं दिंडीकडे कानाडोळा केला, असं तिघांचं थोडं थोडं चुकलं तर ते भयंकर वाटेल. सबनिसाची वही जळण्यातून वाचवा. घट्ट बांधलेल्या वहीच्या कडा करपतात, मधली पानं वाचता येतात.

रिंगणाची अट पहिल्या ३०-४० पानांतच यायला हवी, आणि तीही साध्या प्रसंगात. येसू लहान असताना गडावर दूध घालायला जाते, देवडीतला शिपाई 'ये गं' म्हटल्याशिवाय तिची म्हैस पुढे पाऊल टाकत नाही, बास. हल्ल्यानंतर नियम सांगितलात तर वाचक म्हणेल, सोयीसाठी घातला.

आणि तिच्यापुढची खरी अडचण तुम्ही लिहिलेलीच नाही. ३०० प्रेतं आहेत. एका चितेला कमीत कमी ३०० किलो लाकूड धरा. ९० टन. जळक्या गडावर ते नाही, खालून चढवायला माणसं नाहीत, आणि वैशाख आहे. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मूठमाती द्यावीच लागेल. म्हणजे घसे बघायचे की पुरायचं, हे तिला घटकाघटकाला ठरवावं लागणार. त्यातलं एक प्रेत तिच्या ओळखीचं असेलच. तिथे तिचा हात घशाकडे जाईल का? हे पान नीट लिहा, बाकी जुळून येईल.

रानजाई

दिंडी ठरली. म्हातारा रद्द, धोतरा खाल्लेला शिपाई आत. हळदीची खूण शेवटच्या तिसऱ्या भागात ठेवते. दिंडीशेजारीच एक झोपडी जळालेली दाखवली तर काही बिघडेल?

जवखार

बिघडेल, म्हणूनच पुन्हा आलो. लाकडाची राख अल्कधर्मी असते, तीही हळदीला लाल करते. राखेनं माखलेल्या गडावर कुठेही हळद शिंपडली तरी लालच दिसणार. शिवाय चुन्याला ८००-९०० अंशांची धग लागली तर जुना चुनाही भाजून पुन्हा ताजा होतो.

उपाय: झोपडी दिंडीपासून ४०-५० पावलं लांब न्या. येसूनं सांधा आधी धुवावा, मग छिन्नीनं बोटभर आतला चुना काढून त्यावर हळद लावावी. आणि तेवढ्याच खोलीवरून शेजारच्या जुन्या तटाचाही तुकडा काढावा, कारण जाड भिंतीच्या पोटातला चुना वर्षानुवर्षं पुरता मुरलेला नसतो. दोन तुकडे शेजारी ठेवायचे. एक लालभडक, दुसरा पिवळा किंवा फिकट. पहिल्या खेपेला तिनं राखेवरच हळद टाकून फसावं, भलत्याच माणसावर आळ घ्यावा, आणि ही रीत तिला नंतर कुणा गवंड्यानं दाखवावी.